मुका मार

जानेवारीत उलानबातरची हवा इतकी कोरडी
की अंधारात स्वेटर काढताना
निळं काहीतरी तडतडतं,
आणि पाळलेलं मांजरही हाताला बिचकतं.

त्सेवेलमाचं दुकान बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर,
वर जाणाऱ्या जिन्याच्या पोटात.
टेबलावर काळ्या रबराची चटई,
चटईतून एक हिरवी वायर
गरम पाण्याच्या पाइपला,
पाइप इमारतीला,
इमारत गोठलेल्या जमिनीला.
तिच्या मनगटावर पट्टा.
विजेच्या शेगडीवर बिनझाकणाची किटली दिवसभर उकळते,
चहासाठी नाही,
हवेला जरा ओल यावी म्हणून.
गिऱ्हाईकं चहा मागतातच.

बिलगून नवा. वय एकोणीस, हात हलका,
मुंगीचा गुडघासुद्धा डाग देऊन जोडील असा.
पट्टा मात्र त्याला दाव्यासारखा वाटायचा.
म्हणायचा, "मला तर काही लागत नाही."
खरंच होतं ते.
तीन हजार व्होल्टच्या आत
माणसाच्या कातडीला पत्ताच नसतो,
आणि तांदळाच्या कणीएवढी ती चिप
शंभरात जाते.

जाते म्हणजे काय, तेही सांगायला हवं.
जळाली तर बरं.
वास येतो, काळा ठिपका दिसतो,
माणूस शिवी देतो, दुसरी बसवतो.
पण कधी कधी ती नुसती दुखावते.
आत कुठेतरी, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या भिंतीला
एक भोक. नाही, भोकही नाही,
भोक पडायचा विचार.
चाचणीत पास. दिवा हिरवा.
मुका मार म्हणतो ना आपण,
तसं.

दाम्बादोर्ज म्हाताऱ्याचं कानातलं यंत्र असंच पास झालं.
बिलगूननं अंगातलं नायलॉनचं जाकीट ओरबाडून काढलं,
चिमटा उचलला, चिप बसवली.
म्हाताऱ्यानं ते कानात घालून बाजाराचा गोंगाट ऐकला,
हसला,
आणि तीनशे किलोमीटरवर मेंढ्यांकडे निघून गेला.

तेविसाव्या दिवशी वारा पडला.
त्याला तसंच वाटलं.
मेंढ्या तोंडं उघडत होत्या, मिटत होत्या.
कुत्रं चार पायांवर ताठ उभं,
भुंकण्याच्या जागी नुसती वाफ.
दोन दिवस तो आभाळाकडे बघत राहिला,
एवढं शांत म्हणजे मोठं वादळ येणार,
म्हणून त्यानं तंबूच्या दोऱ्याही आवळून घेतल्या.
तिसऱ्या दिवशी सुनेनं
त्याच्या कानातून यंत्र काढलं, आणि हलवून बघितलं.

"पडलं नाही, भिजलं नाही,
नातवानं हातसुद्धा लावला नाही!"
दुकानात उभा राहून तो ओरडून सांगत होता,
स्वतःचा आवाज न ऐकणारी माणसं सांगतात तसं.
त्सेवेलमानं भिंग लावलं.
काहीच दिसलं नाही.
हे काहीच न दिसणं ती ओळखते.

नव्या चिपची डबी आणायला बिलगून घाईनं वळला,
आणि त्याचा पाय तिच्या बुटावर पडला.
तिकडची रीत अशी, की पाय लागला
तर तिथल्या तिथे हातात हात द्यायचा,
मनात काही राहू नये म्हणून.
त्यानं हात पुढे केला.

चट्.

ठिणगी तिघांनीही पाहिली.
आवाज दोघांनी ऐकला.

"ही तुला कळली," ती म्हणाली,
"कारण ही मोठी होती."
हात तिनं सोडला नाही.
डाव्या हातानं खण उघडून जुना पट्टा काढला,
दातांनी बक्कल ओढून त्याच्या मनगटाला आवळला.
म्हातारा बघत होता,
त्याला वाटलं, काहीतरी सौदा ठरतोय.

किटलीतलं पाणी तळाला गेलं होतं.
बिलगून भरायला म्हणून उठला,
दोन पावलं गेला,
आणि हिरव्या वायरनं त्याला हळूच मागे ओढलं.